ब्लिचिंगला भिणारी आसरा

बादली वर आली तशी कठड्याभोवतीची शे-दीडशे माणसं एकदम पुढं झुकली. भैयाजींनी ती स्वतःच्या हातानं उचलून ओट्यावर ठेवली आणि मागं सरकले. पाणी थरथरलं, मग निवांत झालं. महिनाभर आमच्या गावविहिरीच्या पाण्यावर मोरपंखी रंगांचा तवंग फिरत होता. आज त्या बादलीत नुसतं आभाळ दिसत होतं.

"तेल नाई!" पंचफुला ओरडली. "पाहा नं बाप्पा, टिपूसबी नाई तेलाचा! मागच्या महिन्यात याच बादलीत माहा पदर बुडाला तं रॉकेलातून काढल्यावाणी झालता."

"बोलो जलेश्वर महाराज की..." भैयाजींनी सुरुवात केली आणि उरलेलं गावानं पुरं केलं. बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्यांनी चपला काढून कठड्यावर डोकं टेकलं.

कडुनिंबाखालच्या तखतावर महाराज डोळे मिटून बसले होते. वय चाळिशीचं, दाढी काळी कुळकुळीत, गळ्यात शंखांची माळ. थेट हरिद्वारहून आलेत, असं भैयाजी सांगायचे. जयजयकार थांबल्यावर त्यांनी सावकाश डोळे उघडले.

"देखो माई, पानी में सात आसरा रहती हैं. सात बहनें. किसी ने उन को पूछा नहीं, तो सातों ने खुद बालों में तेल डाला और पानी में उतर गईं. वही तेल तुम ने देखा. अब मैं ने सातों की चोटी बाँध दी है."

सात बायांनी मिळून किती तेल चोपडलं म्हणजे एवढ्या मोठ्या विहिरीवर तवंग येईल, आणि त्या तेलाला नेमका डिझेलचा वास कसा येईल, हे कुणीही विचारलं नाही. मीही नाही. मी हात जोडून उभा होतो.

मी हिरालाल, चिचधऱ्याचा जलसुरक्षक. नाव भारदस्त आहे, काम साधं. रोज सकाळी विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, मापानं टाकायची. घरोघरच्या पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकून ते पिवळं होतं का पाहायचं. दर महिन्याला एक बाटली भरून वर्ध्याला तपासणीला धाडायची. आंजीच्या पुढं, रोहण्याच्या अंगाला आमचं गाव आहे. नळाचे पाइप दोन वर्षांपूर्वी जमिनीत गेले, पाणी अजून वाटेत आहे. त्यामुळं सारं गाव त्या एका विहिरीवर आणि विहीर माझ्यावर, असा बावीस वर्षांचा कारभार होता.

फेब्रुवारी संपता संपता पाण्याला वास यायला लागला. पिण्यापुरतं पाणी लोक दीड किलोमीटरवरच्या शेतातल्या हापशीवरून आणायला लागले, धुण्याभांड्याला विहीरच होती. मी पाच लिटरची कॅन भरली, वर्ध्याला न्यायला एसटीच्या थांब्यावर उभा राहिलो, तर भैयाजींची गाडी थांबली. भैयाजी गावातले मोठे व्यापारी. सडकेवरचा पेट्रोल पंप त्यांचा, विहिरीपासून दोनशे पावलांवर, चढाला.

"हिरालाल, गावाची बदनामी काऊन करून राह्यला भाऊ? हे सरकारी काम नोहोय. हे देवाचं काम होय. मी माणूस आणतो."

आणि त्यांनी माणूस आणला. महाराजांनी एकेचाळीस दिवसांचं अनुष्ठान मांडलं. लाल कपड्यानं झाकलेले सहा ड्रम विहिरीच्या काठाला लागले. रोज त्यांत गूळ, बेसन आणि गाईचं शेण पडायचं आणि ते 'तीर्थ' विहिरीत ओतलं जायचं. पांढऱ्या दाण्यांचा 'प्रसाद' विहिरीत जायचा. मोटर लावून विहिरीचं पाणी उपसून पुन्हा विहिरीतच उंचावरून सोडायचे, त्याला म्हणायचे अखंड अभिषेक. बायकांनी आरत्या पाठ केल्या. आणि दोन बंधनं घातली गेली, तीही माझ्यावर. एक, विहिरीत ब्लिचिंग टाकायचं नाही. दोन, इथलं पाणी तपासायला बाहेर न्यायचं नाही.

"ब्लिचिंग से आसरा जल जाती है," महाराज मला म्हणाले होते. "और पानी बाहर गया, तो आसरा भी गई."

मी ऐकलं. लिहिताना लाज वाटते, पण ऐकलं. घरी माझी मुलगी हर्षा बाळंतपणाला आली होती. अनुष्ठान सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला मुलगी झाली. माझी बायको सुलोचना म्हणाली, "तुमी आता उगी राहा. वल्ली बाळंतीण हाय घरात. आसरा लेकरावर आली तं काय करान?" ती पाचेक लिटरची कॅन मी ग्रामपंचायतीच्या खोलीत पोत्यांमागं सरकवली आणि टीसीएलच्या पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

तर तो बादलीचा चमत्कार झाला तो सव्विसावा दिवस. जयजयकार ओसरल्यावर महाराजांनी हात वर केला.

"इकतालीसवें दिन तीर्थ खुलेगा. तब से सब पियेंगे. पहला घूँट गाँव के सब से छोटे बच्चे को. किस के घर में है?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. कुणी पाठ थोपटली, कुणी म्हणालं, नशीब काढलं नातीनं. नातीचं नावसुद्धा अजून ठेवलं नव्हतं.

त्या दुपारी जेवण गेलं नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. बावीस वर्षं मी या विहिरीत ब्लिचिंग टाकतो आहे. त्यानं कासव मेलं नाही, बेडूक मेला नाही, माणूस तर नाहीच. ब्लिचिंगनं मरतात ते फक्त जंतू. मग या विहिरीत असं काय आहे, ज्याला महाराज इतके जपताहेत?

दुसऱ्या दिवशी मी आचल मॅडमकडं गेलो. आचल आमच्याच गावची. वर्ध्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, आता आंजीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याबरोबर अभिषेक पाहायला आली. कडेला उभी राहून तिनं ड्रम पाहिले, प्रसादाचे चार दाणे उचलून बोटांत चुरडले, मोटरच्या धारेकडं पाहत राहिली. परत येताना वाटेत हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"काका, तुमच्या वावरात खत म्हणून जीवामृत करता का तुमी?"

"करतो नं. ड्रममध्ये गूळ, बेसन, शेण, मूत..." आणि मी वाटेतच थांबलो.

"आख्खं गाव करते. दरसाल करते. पण ड्रमावर लाल कपडा अन् नारळ ठेवला, तं कोणीच ओयखलं नाई. तो प्रसाद युरिया होय. जिवाणूईचं खाणं. अन् अभिषेक कायले? त्याईले हवा पाह्यजे म्हणून."

मग तिनं मला नीट समजावलं. तेल खाणारे जिवाणू खरोखर असतात. जिथं तेल सांडतं, त्या मातीत ते आपोआपही वाढतात. त्यांना नत्र दिलं, हवा दिली, एप्रिलचं ऊन मिळालं, की ते तेलाचे रेणू तोडून खातात. जगभर सांडलेलं तेल साफ करायला हा उपाय करतात आणि तो उपाय चांगला आहे. महाराजांनी कुठंतरी अशा कामावर हात साफ केलेला दिसतो.

"म्हणजे पाणी खरंच साफ झालं?" मला हायसं वाटायला लागलं होतं.

"नाई काका. तवंग गेला म्हणून मले जास्त भेव लागते." तिचा आवाज उतरला. "हे जिवाणू साबणासारखा पदार्थ सोडते. त्यानं तेल फुटते, बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळते. थोडं खाल्लं जाते, बाकीचं पाण्यातच राह्यते. वरतून दिसत होतं तवरी लोक पीत नव्हते. आता दिसत नाई, म्हणून पितीन."

आम्ही पोत्यांमागची कॅन काढली. पहिल्या दिवशीचं पाणी, तेलासकट. तिनं तीन बाटल्या भरल्या आणि तिन्हींत महाराजांच्या ड्रममधलं तीर्थ टाकलं. एकीत तसंच, दुसरीत उकळून, तिसरीत चिमूटभर टीसीएलसकट. बाटल्या शाळेच्या कपाटात गेल्या. रोज दोनदा हलवायच्या, बूच सैल ठेवायचं. विहिरीच्या ताज्या पाण्याची एक बाटली मी पिशवीत लपवून एसटीनं वर्ध्याला दिली.

"निकाल हाती येईस्तोवर कोणाले बोलू नका," आचल म्हणाली. "अर्ध्या पुराव्यावर बोललो तं महाराज पयून जाईन, अन् गाव आपल्यालेच खाईन." मला ते पटलं. घरीसुद्धा मी चकार शब्द काढला नाही. सुलोचनाचं तोंड म्हणजे गावाचा भोंगा.

ते दिवस मला आठवतात तसे सांगतो. विहिरीवर चिमण्या यायच्या, काठावर बसायच्या, न पिता उडून जायच्या. बेडकांचा आवाज कधी बंद झाला ते आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. महाराज मात्र सुखात होते. त्यांच्यासाठी भैयाजींच्या गाडीतून रोज वीस लिटरचा बंद जार यायचा. पंचफुलेनं एकदा विचारलं, तर उत्तर मिळालं, "हम तो सेवक हैं, मालकिन से पहले कैसे पियें?"

तेहेतिसाव्या दिवशी लाइट गेली ती दोन दिवस आली नाही. मोटर बंद, अभिषेक बंद. तिसऱ्या सकाळी मी विहिरीत डोकावलो. चढाकडच्या भिंतीच्या दगडांतून एक बारीक चकचकीत ओघळ उतरत होता आणि त्याच्याखाली पाण्यावर रंग पसरत होते. तेल संपलं नव्हतं. तेल येतच होतं.

महाराजांनी तासाभरात कारण काढलं. कुणीतरी विटाळशी बाई विहिरीला शिवली. कोण? भैयाजींनी इकडं तिकडं पाहिलं आणि त्यांची नजर पंचफुलेवर थांबली. एकटी, मजुरी करणारी, वर प्रश्न विचारणारी. तिला विहीर बंद झाली, आणि लाइट येऊन अभिषेक सुरू झाला तसा तवंगही पुन्हा विरला. तेव्हापासून ती धुण्याभांड्याचंही पाणी त्या लांबच्या हापशीवरून डोक्यावर आणायची. मी समोरून जात होतो आणि तिच्याकडं पाहत नव्हतो. सत्य कपाटात पिकत होतं आणि मी वाट पाहत होतो.

चाळिसाव्या दिवशी दोन्ही निकाल आले. नुसत्या तीर्थाच्या बाटलीतला तवंग गेला होता आणि पाणी गढूळ झालं होतं. उकळलेल्या तीर्थाच्या आणि टीसीएलच्या बाटलीत तवंग जसाच्या तसा होता. वर्ध्याहून आलेल्या कागदावर लिहिलं होतं: पाण्यात डिझेलमधले विषारी घटक विरघळलेले आहेत, पिण्यास वापरू नये.

एकेचाळिसावा दिवस उजाडला. आमच्याकडं सव्वा महिन्यानं बाळंतीण विहीर पुजते, तोही मुहूर्त त्याच दिवशी धरलेला. हर्षा हिरवी साडी नेसून, तान्हीला कुंचीत गुंडाळून आली. सुलोचनाच्या हातात ओटीचं ताट. भोवती पाच-सहाशे माणसं, शेजारच्या गावांतूनही आलेली. महाराजांनी चांदीच्या वाटीत तीर्थ घेतलं, चमचा बुडवला आणि हात पुढं केला.

"थांबा," मी म्हणालो.

माझ्या खांद्यावर टीसीएलचं पोतं होतं. मी कठड्यावर चढलो आणि पोत्याचं तोंड सोडलं.

"महाराज, चाळीस दिवस इहिरीत ब्लिचिंग पडलं नाई. आज मी टाकून राह्यलो. आसरा खरी असन, तं तिले काय होणार हाय? देव का ब्लिचिंगनं मरते?"

"हिरालाल, खाली उतर!" भैयाजी पुढं धावले. लोक ओरडायला लागले. मी ओंजळभर पावडर घेतली आणि हात विहिरीवर धरला.

महाराज तखतावरून उडीच मारून उठले. वाटी सांडली.

"अबे टाकू नको! टाकू नको नं बे, बॅक्टेरिया मरन सारा! आता कुठं जम बसला त्याचा!"

हरिद्वारची हिंदी कुठल्या कुठं गेली होती. शुद्ध आमच्याकडची बोली.

"काय मरन म्हणता महाराज?" गर्दीच्या कडेनं पंचफुलेचा आवाज आला.

महाराज कडुनिंबाकडं मागं सरकले. तेवढ्यात आचल पुढं आली. तिनं तीन बाटल्या कठड्यावर मांडल्या आणि कोणत्या बाटलीत काय घातलं ते सांगितलं. मंत्र तिन्हींना सारखेच लागले होते. जिथं जिवाणू मेले, तिथं चमत्कारही मेला. मग तिनं ड्रमावरचा लाल कपडा ओढला, आणि पुढच्या रांगेतल्या शेतकऱ्यांना तो वास ओळखू आला. एक जण कपाळाला हात लावून खाली बसला. "जीवामृत होय बे हे," तो म्हणाला. "माह्या घरी दोन ड्रम हायेत."

शेवटी तिनं वर्ध्याचा कागद वाचून दाखवला. पुन्हा पंचफुलाच बोलली.

"मॅडम, किडे तेल खाते ते समजलं. पण तेल येते कुठून?"

पाच-सहाशे माणसांनी एकदम चढाकडं पाहिलं, पंपाकडं. जमिनीखालची फुटलेली टाकी दुरुस्त करण्यापेक्षा महाराज आणणं भैयाजींना सोपं वाटलं होतं. पाणी स्वच्छ दिसलं की तेल कुठून आलं हे कुणी विचारणार नाही, आणि बाटली बाहेर गेली नाही की कुणी सांगणारही नाही. भैयाजी गाडीकडं निघाले होते, लोकांनी वाट दिली नाही. महाराज कडुनिंबामागं उभे राहून शंखांची माळ काढत होते. एका तेलसफाईच्या ठेकेदाराकडं आठ वर्षं काम केल्याचं त्यांनी नंतर पोलिसांना सांगितलं.

मला लोकांनी खांद्यावर उचललं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. वरून मला सुलोचना दिसली. ती ओटीचं ताट तसंच सोडून विहिरीच्या पायरीवर बसली होती. तोंड पांढरं पडलेलं. मी उतरून तिच्याकडं गेलो.

"आवं," ती म्हणाली, "मी तं देऊन राह्यली होती."

"काय?"

"हर्षाले दूध उतरत नोहोतं. महाराजांनं रोज तीर्थाचा तांब्या भरून देल्ला, बादली काढली त्या दिवसापासून. म्हने, कोणाले सांगू नको, गुण जाते. हर्षाले रोज तांब्याभर, अन् लेकराले दोन चमचे. पंधरा दिवस झाले." ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. "तुमाले मालूम होतं तं मले काऊन नाई सांगितलं?"

हर्षानं पोरीला छातीशी घट्ट धरलं.

भैयाजींच्याच गाडीनं आम्ही तडक वर्ध्याला गेलो. डॉक्टरांनी दोघींचं रक्त घेतलं, पोटं तपासली, सगळं विचारलं. आज तरी काही दिसत नाही, म्हणाले. मी विचारलं, म्हणजे काही नाही ना? ते म्हणाले, असं मला आज म्हणता येणार नाही. दर तीन महिन्यांनी आणा. मोठी होईपर्यंत आणत राहा.

आता पंपाची टाकी उकरून काढली आहे, केस चालू आहे. विहिरीवर कुलूपबंद जाळी आहे आणि 'पिऊ नये' अशी पाटी आहे. तिथं तज्ज्ञ माणसं येतात आणि त्याच जातीच्या जिवाणूंकडून माती साफ करवून घेतात. नारळ नाही, आरती नाही, दर आठवड्याला पाण्याची बाटली मात्र तपासणीला जाते. वर्ष लागेल, कदाचित दोन, असं ते सांगतात. आम्हाला टँकरचं पाणी मिळतं. पंचफुलेची मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं, माफ केलं की नाही ते सांगितलं नाही.

महाराजाला मी शिव्या घालत नाही असं नाही. पण त्यानं एक बाई गाठून तिला गुपचूप राहायला सांगितलं, आणि मी आपण होऊन गुपचूप राहिलो. त्याला चमत्कार टिकवायचा होता, मला पुरावा. दोघांच्या मधे एक तान्ही पोर रोज दोन चमचे पीत होती.

म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून एवढंच सांगतो. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून पिऊ नका, तपासून प्या. तुमच्या गावात कुणी म्हणालं की बाटली बाहेर धाडू नका, तर त्याच दिवशी धाडा. आणि मनात शंका आली तर ती पुरी सिद्ध होण्याची वाट पाहत कपाटात ठेवू नका. त्याच संध्याकाळी घरात, चुलीपाशी, मोठ्यानं बोला. चुकलात तर लोक हसतील. हसू द्या.

माझी नात आता चार महिन्यांची आहे. पुढच्या सोमवारी तिला तपासणीला न्यायचं आहे.